मुंबईच्या आरेत बेडूक पाहायला निघण्याआधी

निरीक्षणाच्या पहिल्या पावसाळ्यात बेडूक हातात घेऊच नका. तो कातडीतूनही श्वास घेतो, पाणी शोषतो. तुमच्या हातावरचं डासांचं मलम थेट त्याच्या अंगात जाऊ शकतं. नवखे बहुतेकदा इथेच चुकतात.

दुसरं, बूट. बेडकांच्या कातडीला रोग करणाऱ्या कायट्रिड बुरशीपायी जगात बेडूकवर्गातल्या सुमारे 90 जाती नामशेष झाल्याचं मानतात, आणि ती ओल्या चिखलातूनही पसरते. आरेहून ठाण्याच्या येऊर जंगलात जाताना गमबूट घासा, जंतुनाशकाने धुवा, पूर्ण वाळवा. कंटाळा नको.

आणि:
- डरांव डरांव नर करतात. आवाज मोजले म्हणजे सगळे बेडूक मोजले, असं नाही.
- वेळ, पाऊस, जागा त्याच रात्री वहीत लिहा.
- संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय नको. रात्री एकटं कुठेच नको.

डीएनएवरून जाती ओळखणं वगैरे पुढच्या वर्षी. जूनमध्ये एकच डबकं निवडा, सप्टेंबरपर्यंत तेच पाहा. बरंच सापडेल.