टीममध्ये सगळ्यात स्लो असलं तर मॅथ कॉम्पिटिशनला जावं का?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीला राहतो, मुलगी दहावीत. शाळेच्या टीममधून तिची नोव्हेंबरच्या एचएमएमटीसाठी, म्हणजे हार्वर्ड-एमआयटी मॅथमॅटिक्स टुर्नामेंटसाठी निवड झालीये पण आता ती म्हणते नाव मागे घेते, बाकीची पाचजणं पटापट उत्तरं काढतात आणि मला वेळ लागतो, माझ्यामुळे टीम हरेल. मी स्वतः चौथी-सातवीची स्कॉलरशिप दिलेली, टीमने गणित सोडवायचं म्हणजे काय हेच मला माहीत नाही, तिला काय सांगू? – एक आई

उत्तर : नाव मागे घेऊ देऊ नका, आणि हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये. ही स्पर्धा 1998 पासून चालू आहे, हार्वर्ड-एमआयटीचे विद्यार्थीच ती भरवतात, वर्षातून दोनदा. फेब्रुवारीची फार अवघड असते, तिथे 8 जणांची टीम आणि टीम राउंडला पूर्ण सिद्धता लिहून द्यायच्या. नोव्हेंबरची त्यामानाने सोपी, टीम जास्तीत जास्त 6 जणांची. सकाळी प्रत्येकाचे स्वतंत्र पेपर होतात, मग टीम राउंड, एका तासात 10 प्रश्न सगळ्यांनी मिळून.

पण मुलीला भीती वाटत असणार ती गट्स राउंडची. 80 मिनिटं, 36 प्रश्न, नोव्हेंबरमध्ये ते तीन-तीनच्या सेटमध्ये मिळतात. एक सेट सोडवला की टीममधलं कुणीतरी उत्तरांचा कागद घेऊन टेबलापर्यंत पळत जातं आणि पुढचा सेट आणतं, सगळ्या टीम्सचा स्कोअर समोर दिसत असतो, हॉलमध्ये नुसता गलका. एकदा दिलेलं उत्तर परत बदलता येत नाही, आणि गोम इथेच आहे. हिशोब केला तर एका सेटला सात मिनिटंसुद्धा येत नाहीत त्यामुळे सगळे सुसाट सुटतात, आणि वजाबाकीच्या चिन्हासारख्या बारीक चुकीत अख्ख्या प्रश्नाचे मार्क जातात, कारण पद्धतीला मार्क नाहीत, फक्त उत्तर बघतात. म्हणून प्रत्येक प्रश्न दोघांनी एकमेकांचं न बघता सोडवायचा, जुळलं तरच द्यायचं, हे मला सगळ्यात पटतं. सहा जण, तीन प्रश्न, बरोब्बर तीन जोड्या! अशा जोडीत एक भरभर करणारा आणि एक सावकाश पण नीट बघणारा असेल तर दोन भरभर करणाऱ्यांपेक्षा कितीतरी बरं.

शेवटी शेवटी अंदाजाचे प्रश्न येतात, उत्तर जितकं जवळचं तितके मार्क. उदाहरणार्थ (हा माझा प्रश्न, त्यांच्या पेपरातला नाही) 10 लाखांच्या आत मूळ संख्या किती? मोजत कोण बसणार, पण 10 लाखांचा नैसर्गिक लॉग साधारण 13.8 येतो, त्याने 10 लाखांना भागलं की मूळ संख्यांचा अंदाज मिळतो, 72 हजारांच्या आसपास. खरं उत्तर 78,498. खऱ्या उत्तराच्या दहा टक्क्यांच्या आत आलात की! इथे दोन मिनिटं शांत बसून विचार करणारं कुणीतरी टीमला हवंच असतं.

आता करायचं एवढंच, की मागच्या वर्षांचे पेपर उत्तरांसकट एचएमएमटीने फुकट ठेवलेत, त्यातला एक गट्स राउंड घड्याळ लावून सहाही जणांनी एकत्र सोडवू दे. कोणाची जोडी कोणाशी जमते ते तिथेच कळेल, आणि कुठला प्रश्न सोडून द्यायचा हे कोण ठरवणार तेही आधीच ठरवा, ऐनवेळी त्यावरून फार वेळ जातो. आणि कॅल्क्युलेटर चालत नाही, घरी सराव करतानाही बाजूला ठेवायला सांगा.

प्रश्न : पुण्यातल्या मुलांना असं काही आहे का? – एक बाबा

उत्तर : एचएमएमटीला बाहेरच्या देशांतल्या टीमही येतात, पण प्रवासाचा खर्च बघता मी त्याच्या मागे लागा म्हणणार नाही. आपल्याकडे गणित ऑलिम्पियाडची वाट आयओक्यूएम या पात्रता परीक्षेपासून सुरू होते, तीन तास, 30 प्रश्न, पण ती एकट्याने द्यायची. टीमची मजा हवी असेल तर सोसायटीतली सहा पोरं गोळा करा, तेच फुकटचे पेपर प्रिंट करा, आणि सेट वाटायला, उत्तरं तपासायला तुम्ही स्वतः टेबलावर बसा.