हळद ऑनलाइन विकण्याआधी

वेबसाइटची घाई करू नकोस, आधी साठ्याची नोंद लाव. ई-बिझनेस म्हणजे नुसती ऑनलाइन विक्री नव्हे. खरेदी, साठा, बिल, पार्सल, परतावा सगळं एकाच माहितीवर चालायला हवं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाला अधिकृत ओळख, मिळालंय, गिऱ्हाईक त्या नावावर पैसे मोजतं. म्हणून प्रत्येक पोत्याला लॉट नंबर दे: कुणाच्या शेतातली, कधी दळली, कुठल्या पाकिटात गेली. माझी वही वेगळं सांगायची, कॉम्प्युटर वेगळं. एका दिवाळीत नसलेल्या मालाच्या ४० ऑर्डरी घेतल्या आणि एकेकाला फोन करून पैसे परत केले. फार जिवाला लागलं ते. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी आधीच काढ. सुरुवातीला साधं एक्सेल पुरेल, पण रोज संध्याकाळी गोदामातला माल स्वतः मोजून आकड्यांशी ताडून बघ.