पेशवा: हुद्दा, घराणे आणि शिक्का

प्रश्न: पेशवेपद शिवाजी महाराजांनी निर्माण केले का?

नाही. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी हा हुद्दा आधीपासून होता. शब्द फारसी, अर्थ पुढारी. महाराजांकडेही राज्याभिषेकापूर्वी शामराज नीळकंठ आणि पुढे मोरोपंत पिंगळे पेशवे होतेच. १६७४ मध्ये अष्टप्रधानांची नावे संस्कृत झाली आणि पेशवा ‘मुख्य प्रधान’ ठरला. लोकांच्या तोंडून जुने नाव मात्र गेले नाही.

प्रश्न: मग ‘पेशवे’ म्हटले की भट घराणेच का आठवते?

कारण शेवटची शंभर वर्षे पद त्यांच्याकडे राहिले. आधी ते पिंगळ्यांकडे होते: मोरोपंत, मग त्यांचे पुत्र नीळोपंत, नंतर बहिरोपंत. १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांवर चालून गेलेले बहिरोपंत स्वतःच कैदेत पडले. तेव्हा शाहू महाराजांनी श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवाईची वस्त्रे दिली आणि बाळाजींनी लढाई टाळून कान्होजींना बोलणी करून वळवले. माझ्या मते पेशवाईचा पाया इथेच आहे, पुढच्या मोहिमांत नव्हे. १७२० मध्ये बाळाजी वारले. दरबारी मुत्सद्द्यांचा विरोध बाजूला सारून महाराजांनी जेमतेम विशीतल्या बाजीरावांना वस्त्रे दिली आणि हुद्दा घराण्यात रुजला.

प्रश्न: प्रतिनिधी मोठा की पेशवा?

मानाने प्रतिनिधी. राजाराम महाराजांनी जिंजीत प्रल्हाद निराजींसाठी हे पद अष्टप्रधानांच्याही वर निर्माण केले. सत्तेने मात्र पेशवा पुढे गेला.

प्रश्न: पेशवे स्वतःला राजे म्हणवत का?

नाही, आणि हे फार महत्त्वाचे आहे. बाजीरावांच्या शिक्क्यावरची अक्षरे पाहा: ‘शाहू नरपती हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. आधी राजा, मग चाकर. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, कारभार पुण्याला गेला, छत्रपती साताऱ्यात नामधारी उरले; तरी नवा पेशवा वस्त्रांसाठी साताऱ्याकडेच पाही. १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांसाठी तिथूनच वस्त्रे आली. तेव्हा मुख्य प्रधान अवघा चाळीस दिवसांचा होता.