बीएस्सी ॲग्रीच्या ‘भावी व्यवसायातील सद्य प्रश्न’ या अहवालासाठी विषय कोणता घ्यावा आणि स्वतःचं चिंतन म्हणून काय लिहावं? सातव्या सत्रात रावेसाठी (गावात राहून शेतीकामाचा अनुभव घेण्यासाठी) यवतमाळ जिल्ह्यात जाणार आहे.

एकच विषय घ्या. ‘हवामानबदल आणि शेती’ असलं काही घेतलंत तर वीस पानं भरतील आणि त्यात तुमचं स्वतःचं एक वाक्य नसेल. सातव्या सत्रात रावेसाठी यवतमाळ जिल्ह्यात जाणार म्हणता, मग कापसाच्या बोंडात शिरणारी गुलाबी बोंडअळी घ्या. पुढे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) व्हा नाहीतर बियाणं कंपनीत जा, शेतकऱ्याचा पहिला फोन तिच्याबद्दलच येणार.

वाचन फार नाही. बीटी कापसाला (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या) परवानगी 2002 मध्ये, दोन जनुकांच्या बीजी-2 ला 2006 मध्ये. सौराष्ट्रात गुलाबी अळी एका जनुकाच्या बीजी-1 ला दाद देत नाही हे 2010 मध्ये जाहीर झालं, आणि 2017 च्या हंगामात विदर्भाने त्याचं पुढचं रूप पाहिलं: बीजी-2 वरही अळी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे सल्ले आणि क्रॉपसॅपच्या (राज्याच्या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पाच्या) नोंदी वाचल्या की पुरे.

खरा अभ्यास हिरव्या बोंडात आहे. एकरात तिरपं चालत जा, वेगवेगळ्या झाडांवरून मध्यम, अजून कडक न झालेली 20 बोंडं तोडा आणि तिथेच बांधावर बसून चिरा. बाहेरून काही कळत नाही, कारण अळी शिरते तेव्हा केसाएवढी असते आणि तिचं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. विद्यार्थी हमखास चुकतात ते पुढे: गुलाबी रंग शोधत बसतात. लहान अळी पांढुरकी असते, रंग नंतर चढतो. म्हणून सरकी फोडून बघा, कवचाच्या आतल्या बाजूला फोडासारखे उंचवटे आहेत का तेही बघा. 20 पैकी 2 बोंडांत जिवंत अळी सापडली म्हणजे 10 टक्के, नुकसानीची पातळी गाठली, फवारणीची वेळ झाली. बोंडाला गोल भोक दिसलं तर अळी बाहेर पडून गेलेली. ती बोंडं मोजून फवारणी सांगू नका.

कामगंध सापळे लावाल तर एकरी दोन. सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की सावध व्हायचं. सापळा रिकामाच राहिला तर आधी ल्यूर (नर पतंगाला ओढणारं गंधाचं आमिष) तपासा. दुकानदाराने हेलील्यूर टेकवलं असेल तर अमेरिकन बोंडअळीचे पतंग येतील, गुलाबीचा एकही नाही. गॉसिप्ल्यूर मागून घ्यायचं आणि साधारण तीन आठवड्यांनी बदलायचं.

आता चिंतन. ‘शेतकऱ्यांनी रेफ्युजी लावली नाही म्हणून अळी आली’ हे वाक्य मेहेरबानी करून लिहू नका. (रेफ्युजी म्हणजे अळीत बीटीविरुद्ध प्रतिकार वाढू नये म्हणून शेजारी लावायचं बिगर-बीटी पीक.) ऐकून ऐकून माझे कान किटलेत. 450 ग्रॅम बीटीबरोबर 120 ग्रॅमची रेफ्युजीची पुडी यायची आणि 20 टक्के क्षेत्रावर किंवा कडेच्या पाच ओळींत ती लावा म्हणायचे. तीन एकरवाल्याने आपल्या रानाचा पाचवा हिस्सा अळीला वाढून द्यायचा, भरपाई शून्य. त्यातून काही पुड्यांत तूर निघायची! तुरीवर अमेरिकन बोंडअळी जगते. गुलाबीचं पोट मुख्यतः कापसावर भरतं, तिला तुरीचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे ज्याने इमानेइतबारे पुडी पेरली, त्याच्याही हाती गुलाबीच्या बाबतीत काही लागलं नाही. त्यापेक्षा लांब मुदतीचे संकरित वाण आणि ओलिताखालची फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी) यांवर लिहा, कारण अळीची पंगत त्यांच्यामुळेच उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत लांबते.

एका शेतकऱ्याच्या फरदडीचा हिशोब मांडा: जानेवारीनंतर किती किलो वेचला, त्यात कवडी (किडका, डागी कापूस) किती, वेचणीची मजुरी काय, भाव काय मिळाला, पाणी किती पाळ्या दिलं. मग ‘डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) काढा’ हा सल्ला त्याच्यासमोर बसून तुम्ही कसा द्याल आणि तो काय म्हणेल, ते लिहा. हिशोबात त्याला पैसे सुटत असतील तर तसंच लिहा, मार्क जातील म्हणून लपवू नका.

हां, एक राहिलं. आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून देतात, तेव्हा पुडीचं भांडण मागच्या काळातलं समजा. फरदडीत शेतकऱ्याची काहीच चूक नाही असंही माझं म्हणणं नाही. शेजाऱ्याच्या पुढच्या हंगामाला तीच नडते. आणि 2017 मध्ये यवतमाळात कपाशी फवारताना विषबाधेने माणसं गेली आहेत. अहवालात दोन औषधं एकत्र मारायची शिफारस स्वतःच्या मनाने लिहू नका.