न्यू जर्सीतलं सॉमरव्हिल कसं आहे? आईवडील सहा महिने येणार असतील तर तिथे घर घ्यावं का?

घ्या. चौदा वर्षं इथे राहतेय.

आम्ही घर घेतलं तेव्हा थोरले दीर म्हणाले होते, "त्या जुनाट गावात कशाला? टाउनशिपमध्ये नवं घर बघा, दोन गाड्यांचं गॅरेज मिळेल." ते मनात राहिलंय, म्हणून लिहिते.

माझे बाबा साताऱ्याच्या कोर्टात नाझर होते. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी एकटेच फिरायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "अगं, हे तर जिल्ह्याचं ठिकाण आहे!" मेन स्ट्रीटवरचं १९०९ चं पांढऱ्या संगमरवराचं कोर्ट आणि आजूबाजूच्या वकिलांच्या पाट्या पाहून आले होते. मग रोज तिकडेच. सॉमरसेट काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, कोर्ट आधी मिलस्टोनला होतं, १७७९ मध्ये इंग्रजांच्या फौजेने ते जाळलं आणि पुढे कारभार इथे आला, हे कळल्यावर त्यांना गावच आपलं वाटायला लागलं. जॉर्ज वॉशिंग्टन ज्या घरात १७७८-७९ चा हिवाळा राहिला, ते वॉलेस हाउसही चालत जाऊन पाहिलं. १९२६ चा हॉल-मिल्स खटला इथलाच. पाद्री आणि चर्चमधल्या गायिकेचा खून, आरोपी पाद्र्याची बायको आणि तिचे दोन भाऊ, तिघेही निर्दोष सुटले. ती हकीकत बाबांनी माझ्याकडून चारदा वाचून घेतली आणि पुरावा कुठे कच्चा पडला ते मला समजावलं.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई दिरांकडे होत्या. घर मोठं, पण रस्त्याला फुटपाथ नाही, चालत जाण्यासारखं एक दुकान नाही. दिवसभर खिडकीशी बसून असायच्या. दीड महिन्यात तिकीट बदलून परत गेल्या. तेव्हा घरात कोणी काही बोललं नाही. मी आज बोलते: म्हाताऱ्या माणसांना गॅरेजचा उपयोग नसतो.

शाळांचं म्हणाल तर माझी मुलं इथेच शिकली, तक्रार नाही. गायक-अभिनेता पॉल रोबसन इथल्याच हायस्कूलचा, १९१५ ला पास झालेला. किमतींचं एजंटला विचारा.

हां, न्यूयॉर्कला जायचं तर बहुतेक वेळा नेवार्कला गाडी बदलावी लागते. देशी किराण्याला आणि ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जायला गाडी काढावीच लागते. आणि आईवडिलांना थंडीत आणू नका. मेमध्ये आणा, मेमोरियल डेच्या (मेच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीच्या) आधी. १९४० पासूनची सायकल शर्यत त्या दिवशी मेन स्ट्रीटवरून जाते. बाबा सकाळीच घडीची खुर्ची घेऊन कोर्टासमोर जागा धरायचे.