मोठ्या माणसांनी स्वतःची गृहीतकं कशी ओळखावीत? जॅक मेझिरो म्हणतो तसं, धक्का बसल्याशिवाय ती बदलतच नाहीत का?

तुम्ही प्रश्नात जॅक मेझिरोचं, म्हणजे मोठी माणसं कशी शिकतात यावर काम केलेल्या अमेरिकन अभ्यासकाचं, नाव घेतलंय म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या प्रश्नांच्या नादी मी लागत नाही. पुन्हा कॉलेजात आलेल्या अमेरिकन बायकांचा अभ्यास करून त्यानं १९७८ साली मांडलं, की नेहमीचा हिशोब चुकवणारा प्रसंग आला की माणूस आपल्या गृहीतकांकडं बघायला लागतो. पण त्यानंतर स्वतःची झाडाझडती आणि चार लोकांशी मोकळं बोलणंही लागतं, हेही त्यानंच सांगितलंय. लोक तेवढं गाळतात आणि 'धक्का बसला की डोळे उघडतात' असं ठोकून देतात.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आम्हाला बसला त्याहून मोठा धक्का कोणता? डोळे बिळे काही उघडले नाहीत. एक समजूत गेली, तिच्या जागेवर दुसरी येऊन बसली.

आधीची समजूत अशी, की भिंत जितकी जाड तितकं घर पक्कं. अडीच-तीन फुटी दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि ते गळायला लागलं की पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. सोयरिकीला आलेले पाहुणे कोनाडा किती खोल आहे ते बघून घराची ऐपत ओळखायचे. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीकडं हादरे बसले, लोक काही दिवस बाहेर झोपले आणि परत त्याच भिंतींच्या आत गेले. भूकंपानंतरची समजूत दोन शब्दांची होती. दगड मारतो. मग काय, पत्रा नाहीतर स्लॅब.

आमचे अण्णा गवंडी. गल्लीतली माणसं बाहेर काढून झाली, सरकारी तंबू आले, आणि मग अण्णा ओळंबा खिशात घालून पडक्या घरांतून हिंडायला लागले. लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. एका अर्धवट पडलेल्या भिंतीपाशी मी त्यांच्यासोबत होतो. आतलं अंग जागेवर होतं, बाहेरचं दगडांचं अंग सोलून निघाल्यासारखं खाली आलं होतं. मधल्या भरीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर कोरडी माती आणि खपल्या काढून दाखवल्या. "ही एक भिंत न्हाई, दोन हायती. मधी नुसती भर. आरपार जाणारा लांब दगड कुटं दिसतोय का बग." नव्हता. लांब दगड घडवायला वेळ जातो, मालक त्याचे वेगळे पैसे देत नाही. जाडी मात्र त्याला डोळ्यांनी दिसते.

पुढं त्याच गल्लीत एक खणाचं, म्हणजे लाकडी खांब-तुळयांवर छत पेललेलं, घर होतं. चारी भिंती बाहेर पडलेल्या, पण लाकडी खांब-तुळया उभ्या आणि माळवद त्यांच्यावर तसंच. आतली माणसं जगली. अण्णा तिथं बराच वेळ थांबले. बाकी गाव पडलेली घरं मोजत होतं, हा माणूस उभी राहिलेली बघत होता. तुमच्या 'कशी ओळखावीत'चं माझ्याकडं एवढंच उत्तर आहे.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली लोकांना २-४-६ हे आकडे दिले आणि यामागचा नियम शोधा म्हणाला. बहुतेकांनी ८-१०-१२ सारखी, मनातल्या नियमात बसणारीच उदाहरणं विचारली. नियम साधा होता, चढते आकडे. आपला अंदाज खोटा पडेल असं उदाहरण फार कमी लोकांनी विचारलं. मीही वर्गात मुलांना हे देतो. मास्तर लोक मुलांपेक्षा जास्त अडकतात.

आता दाजींचं. माझ्या बहिणीचे मालक, इंजिनिअर. तेराव्याला आले आणि अण्णांना म्हणाले, "मामा, दगडाचं घर म्हणजे थडगं. तुम्हा खेड्यातल्या लोकांची गृहीतकंच चुकीची." खणाच्या घराचं अण्णांनी सांगितलं तर म्हणाले, "योगायोग." मला राग आला तो इथं. गृहीतकं काय फक्त अडाण्यांची असतात? दख्खनचं पठार हलत नाही, हे कुणी धरून ठेवलं होतं? सरकारी नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होती, म्हणजे सगळ्यात कमी धोक्यात. झोन तीनमध्ये ती आली २००२ साली. कोयनेला १९६७ मध्येच पठार हललं होतं, पण 'ते धरणाच्या पाण्यामुळं' असं म्हणून बाकीचं पठार सुरक्षित ठेवता आलं. कागदावर.

दाजींनी पुढं लातुरात तीन मजली बांधलं. खाली पार्किंग, नुसते खांब, भिंत एकही नाही. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादला अशाच खालून मोकळ्या कितीतरी इमारती बसल्या. मी पेपर घेऊन गेलो. म्हणाले, "आपल्याकडं तसं होत नाही." मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. तेव्हापासून दर लग्नकार्यात हा विषय निघतो आणि ताई आम्हाला वेगळ्या पंगतीत बसवते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. स्लॅब वाईट नसतो. खांबात सळई आणि रिंगा नीट असतील, खालचा मजला मोकळा सोडला नसेल, तर दगडमातीपेक्षा कधीही बरा. आणि अण्णांनीही जन्मभर तसल्याच जाड भिंती बांधल्या होत्या. ते हिंडत होते त्यातल्या काही त्यांच्या हातच्या होत्या, म्हणून तर हिंडत होते. त्यामुळं धक्क्याचा काहीच उपयोग नाही असं माझं म्हणणं नाही. ज्याच्या हातचं काम पडलं त्याला तो लागू पडतो, बाकीच्यांना नुसती भीती बसते.

दाजी हे वाचणार, ताई दाखवेलच. पार्किंगच्या खांबांना जॅकेटिंग, म्हणजे भोवतीनं सळई-काँक्रीटचं मजबूत आवरण, करून घ्यायला किती लागतात ते मी लातुरातल्या एका कंत्राटदाराला विचारून ठेवलंय. आकडा फोनवर सांगतो, इथं लिहिला तर म्हणाल चारचौघांत काढलं.