भाच्याला काय सांगू?

‘ताई, मी ६३ वर्षांचा, राहणार डोंबिवली. बँकेतून निवृत्त. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. तरुणपणी आणि लग्नानंतरही कित्येक वर्षं मी ऑफिस सुटल्यावर स्टेशनवरच्या मुतारीत, बागेत, लोकलच्या ठरलेल्या डब्यात पुरुषांना भेटत आलो. अजूनही कधीतरी पावलं तिकडे वळतात. घरी कुणालाच ठाऊक नाही. माझा सख्खा भाचा गे आहे. घरच्यांनी त्याला आपलं म्हटलंय, त्याचा जोडीदारही घरी येतो-जातो. गणपतीत तो म्हणाला, “मुतारीत घुटमळणाऱ्या या म्हाताऱ्यांमुळे आमची बदनामी होते.” मी उठून आत गेलो. माझं आयुष्य इतकं घाण होतं का? त्याला सांगू का?’ (लांबलचक पत्रातला थोडाच भाग इथे छापला आहे.)

नमस्कार दादा,

घाण नव्हतं. आणि हो, त्याला सांगा. पण कसं सांगायचं त्याआधी थोडं मागे जाऊ या.

तुम्ही पंचविशीत होतात तेव्हाची मुंबई आठवा. दोन खोल्यांत सात-आठ माणसं. नवऱ्या-बायकोलाच एकांत मिळायची मारामार, तिथे दोन पुरुषांनी जायचं कुठे? लग्न न करता वेगळं बिऱ्हाड करणं कारकुनाच्या पगारात शक्य नव्हतं. वर १८६० च्या भारतीय दंड विधानातलं कलम ३७७ होतंच, समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारं. मग उरल्या त्या जागा, जिथे पुरुष उगाच रेंगाळला तरी कुणी हटकत नाही: स्टेशन, बाग, चौपाटी, गेटवेजवळचा कठडा. (बायकांना तर असं रेंगाळायचीही मुभा नव्हती. त्यावर कुणीतरी मला लिहावं, फार इच्छा आहे.)

आपल्याला हा कायदा देणाऱ्या इंग्रजांच्या घरी तरी वेगळं काय होतं? जॉन गीलगुड हा त्यांचा केवढा मोठा नट. १९५३ साली त्याला ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी लंडनमधल्या एका सार्वजनिक स्वच्छतागृहात पोलिसांनी त्याला पकडलं. दहा पौंड दंड झाला, पेपरात नाव छापून आलं. त्यानंतर तो लिव्हरपूलच्या रंगमंचावर आला तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुमच्या वाट्याला तशा टाळ्या आल्या नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या पत्रातला एक भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. हातात घड्याळ असूनही ‘टाइम काय झाला?’ विचारायचं. समोरच्यानं नुसता टाइम सांगितला तर आपली गाडी पकडायची. सांगून वर ‘कुठे राहता?’ म्हणाला तर पुढची लोकल सोडायची. नाव सांगायचं नाही, सांगितलंच तर खोटं. पण त्यातूनच तुमचा कंपू जमला. गिरणीतला जॉबर, मंत्रालयातला शिपाई, एक वकील आणि तुम्ही, रोज एकाच टपरीवर कटिंग पिणारे. एरवी या चौघांना या शहरात एका बाकावर कुणी बसवलं असतं? जॉबरला कावीळ झाली तेव्हा ‘ऑफिसातले मित्र’ म्हणून आळीपाळीने त्याला डबा पोचवलात. याला घाण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

भाच्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याच्या हातात फोन आहे. ग्राइंडर हे पुरुषांना पुरुष भेटवणारं ॲप २००९ मध्ये आलं, तेव्हा तो शाळेत असेल. त्याला हेही सांगा, की समलिंगींच्या हक्कांसाठी झटणारे पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचं मासिक काढलं, १९९४ मध्ये त्यांच्यासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली आणि एचआयव्हीची साथ पसरत असताना ट्रस्टचे कार्यकर्ते निरोध आणि माहिती घेऊन याच मुताऱ्यांत, याच बागांत गेले. कारण माणसं तिथे होती. २००१ मध्ये लखनौत असंच काम करणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं, सहा आठवड्यांहून जास्त तुरुंगात डांबलं. राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ज्या वाटेने आला, त्या वाटेवर ही माणसंही आहेत. तुमच्या भाच्याचा जोडीदार आज राजरोस मोदक खायला येतो, त्यात त्यांचा वाटा आहे.

पण सगळंच गोड करून सांगू नका. पोलिसाने कॉलर धरून पाकीट रिकामं केलं, एका भामट्याने लग्नातली अंगठी काढून घेतली, हेही सांगा. सार्वजनिक जागा सगळ्यांची असते. तिथे कुणा तिऱ्हाइताला अवघडल्यासारखं झालं असेल, तर भाच्याची तेवढी तक्रार रास्त आहे.

आणि वहिनी. ‘तिला शेवटपर्यंत कळलं नाही’ हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. तिला न विचारता तिचं आयुष्य या गुपितात ओवलं गेलं. जगाने तुम्हाला कोंडलं हे खरं, पण त्या कोंडवाड्यात तीही होती. ही रुखरुख मी काढून टाकू शकत नाही, काढूही नये. भाच्याशी बोलाल तेव्हा तिला गाळू नका.

बोलणं फोनवर नको, सगळ्यांसमोर तर नकोच. त्याला एकट्याला बोलवा. ‘गणपतीत तू ज्या म्हाताऱ्यांबद्दल बोललास, त्यांतला एक मी’ एवढ्यानेच सुरुवात करा. शारीरिक तपशील सांगायची गरज नाही. तो गप्प झाला, उठून गेला, तरी मागे लागू नका, येईल. एक आधीच ठरवून घ्या: त्याच्या आईला सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवणार. हे त्याच्याकडून कबूल करून घ्या आणि मगच बोला.

आता अजूनही पावलं वळतात, त्याबद्दल. २०१८ चा निकाल खाजगीतल्या, राजीखुशीच्या संबंधांपुरता आहे. सार्वजनिक जागी अश्लील वर्तनाचा गुन्हा आजही लागतो. पण कुणी धमकावून पैसे मागितले तर ती खंडणी आहे, मग मागणारा वर्दीत का असेना. पैसे देऊ नका, वकील गाठा. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नावही गुप्त राहतं. ती या महिन्यात करून घ्या. आणि निरोध वापरायचा राहिला, अशी वेळ आलीच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा. त्यानंतर ते प्रतिबंधक औषध देत नाहीत.

तुमची ताई